साच्याची खूण

पट्टी अखंड निघायला हवी होती, ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. चिमट्याच्या टोकाला बोटभर तुकडा लोंबत राहिला आणि बाकीची पट्टी पत्र्याच्या खाचेत तशीच चिकटून बसली, वाळलेल्या डिंकासारखी. तिने तो तुकडा दिव्याखाली धरला आणि अंगठ्याच्या नखाने जरासा दाबून पाहिला. रबर दबलं नाही. कडेने त्याचा चुरा झाला आणि हातमोज्यावर पांढरी भुकटी सांडली, खडूची असावी तशी. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी वजनं घेत होतं, पंखा फिरत होता, बाहेर चहाचे कप गोळा केल्याचा आवाज येत होता. म्हटलं तर कुठेच काही झालं नव्हतं. पण, कोणी कानाशी येऊन बोलावं तसे, दोन शब्द तिच्या मनात उमटले. चौथी बाटली. त्यापुढे काही नाही. तिने तुकडा काचेच्या झाकणीत ठेवला, त्यावर तारीख घातली, मोजे काढून हात धुतले, आणि धुता धुता लक्षात आलं की पाणी कधीचं वाहतं आहे आणि आपण नुसत्याच उभ्या आहोत.

बावीस वर्षं ती या एकाच कामात होती. हायड्रोजनपासून वीज करून बस चालवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये साडेतीनशे पातळ पत्रे एकावर एक रचून बोल्टांनी आवळलेले असतात; कारखान्यात त्याला नुसतं गठ्ठा म्हणत. पत्र्याच्या एका अंगाने हायड्रोजन जातो, दुसऱ्या अंगाने हवा. त्यांची नको तिथे गाठ पडू नये आणि बाहेरही काही निसटू नये, म्हणून प्रत्येक पत्र्याच्या कडेने रबराची एक बारीक पट्टी बसवलेली असते. पत्र्यांवर परिषदा भरतात, मधल्या पडद्यांवर ग्रंथ लिहिले जातात. पट्टीकडे कोण बघतं? ती बघायची. आत गरम पाणी, त्यात उतरणारं थोडंसं आम्ल आणि वर्षानुवर्षांचा दाब, एवढं सोसून रबर किती दिवस रबर राहतं, हे ती सांगायची. पट्टीचे तुकडे आम्लाच्या बाटल्यांत घालून भट्टीत ठेवायचे, दर आठवड्याला काढून तोलायचे, दाबून सोडायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. तिला सगळे रबरबाई म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. नवरा, जो शाळेत भूगोल शिकवायचा, पाहुण्यांना हमखास सांगायचा, "मी हिच्या बोटात अंगठी घातली तर हिने आधी ती किती घट्ट बसते ते पाहिलं. मग माझ्याकडे." पाहुणे हसत. तीही हसे. आपल्या हातून गेलेली पट्टी कुठे दगा देणार नाही, या एका गोष्टीवर तिचं सगळं हसणं, झोपणं आणि रस्त्याने चालणं उभं होतं, आणि ते तसं उभं आहे हे तिला आजवर कळलंही नव्हतं.

आज उघडलेला हा गठ्ठा ज्या बसमधून आला होता ती बस तीन आठवड्यांपूर्वी डेपोत उभी असताना पेटली होती. पेटली म्हणायचं एवढंच. ज्वाळा कोणाला दिसलीच नव्हती. हायड्रोजनची ज्वाळा भर उजेडात दिसत नाही. गळतीचा इशारा वाजला म्हणून डेपोतल्या मिस्त्रीने टाकी बंद केली, वरची झाकणं मोकळी केली, मग गठ्ठा बसवलेल्या कपाटाचं दार काढून आत हात घातला. आत कुठेतरी ठिणगी पडली, आणि त्याला पहिल्यांदा दिसले ते आपल्या मनगटावरचे केस आक्रसताना. कळ मागून आली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून निघाले होते. चौकशीचा मसुदा तिच्या टेबलावर पडून होता. टाकी बंद केल्यावर नेमून दिलेली पंधरा मिनिटं वाट न पाहता मिस्त्रीने दार उघडलं, असं त्यात लिहिलं होतं. तो मुळातच उतावळा आहे याला दोन साक्षी होत्या. एक पर्यवेक्षकाची, आणि दुसरी मिस्त्रीच्या सख्ख्या धाकट्या भावाची, जो त्याच डेपोत ड्रायव्हर होता. भावाची साक्ष एका ओळीची होती : दादाला पहिल्यापासून घाई असते. मसुद्याच्या शेवटी तिच्यासाठी जागा सोडली होती. पट्ट्या वयोमानानुसार अपेक्षित स्थितीत आढळल्या, एवढं वाक्य छापून ठेवलेलंच होतं. फक्त सही करायची होती. गठ्ठा उघडणं हा नुसता उपचार आहे, असं तिला सांगणाऱ्यालाही वाटत होतं आणि ऐकताना तिलाही.

सहा वर्षांपूर्वी या पट्टीची परीक्षा तिनेच घेतली होती. सात बाटल्या, वीस आठवडे. अठराव्या आठवड्यात चौथ्या बाटलीतल्या तुकड्याच्या कडेला बारीक रेघा दिसल्या, केसाहून बारीक, आणि त्यांच्यावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर. बाकी सहा तुकडे स्वच्छ होते. सर शेजारी होते. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. तिला या कामाची बाराखडी त्यांनीच शिकवलेली. सरांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, साच्याची खूण आहे ती. म्हणजे रबर साच्यातून निघतानाच उमटलेली. आम्लाशी तिचा संबंध नाही. तिने वहीत लिहिलं, बाटली चार : कडेला साच्याची खूण. चौथी बाटली हिशेबातून वगळली गेली. वगळली नसती तर परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागली असती, आणखी पाच महिने, आणि बसगाड्या तर गठ्ठ्यांची वाट पाहत उभ्या होत्या. पण यातलं काही तेव्हा कोणी बोललं नव्हतं. कोणी दटावलं नव्हतं, गळ घातली नव्हती. आता ती त्या दुपारकडे पुन्हा पुन्हा जाऊ लागली, हरवलेली किल्ली शोधताना माणूस तेच खिसे पुन्हा उलटे करतो तशी. तिला सरांच्या शर्टाच्या बाहीवर पडलेला शाईचा डाग आठवला. भट्टीचं दार लागत नव्हतं म्हणून त्याला दोरी बांधलेली आठवली. पेन उठत नव्हतं, ते तिने वहीच्या कोपऱ्यात गिरगटून उठवलं, तेसुद्धा आठवलं. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त मधली ती एक जागा, जिथे तिने ठरवलं असणार की आता लिहायचं, ती सापडत नव्हती. आपण ठरवलंच नव्हतं का? माणूस एवढं मोठं काही न ठरवता करू शकतो?

"जेवण समोर आहे," नवरा म्हणाला. "आणि तू भिंतीकडे बघते आहेस. भिंतीवर काय आहे?"

"काही नाही."

"मग मलाही बघू दे." त्याने खुर्ची तिच्या शेजारी ओढली आणि खरंच भिंतीकडे बघत बसला. एरवी ती हसली असती. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "काय झालंय गं?" तिने सांगितलं, मिस्त्री, पट्टी, चौथी बाटली, सगळं. तो शिक्षक होता, ऐकायची सवय कमी, पण त्याने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाला, "पण सांगितलं सरांनी ना? तू फक्त लिहिलंस." त्याला तिला हलकं करायचं होतं, आणि क्षणभर तिला हलकं वाटलंही. त्या हलकेपणाची तिला इतकी किळस आली की ती ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने जुनी छायाचित्रं शोधून काढली. प्रत्येक तुकड्याचं पहिल्या आठवड्यातलं चित्र काढायचं, ही शिस्त तिचीच. चौथ्या बाटलीचं चित्र पडद्यावर उघडलं. कड काचेसारखी गुळगुळीत होती. साच्याची खूण असती तर ती पहिल्या दिवशीच दिसली असती. आठवड्यागणिक उमटत जाणारी खूण साच्याची नसते, हे तिने स्वतः कितीतरी नव्या लोकांना शिकवलं होतं. म्हणजे तेव्हा फक्त मागचं चित्र काढून पाहायचं होतं. दोन मिनिटांचं काम. तिने पाहिलं नव्हतं, की पाहून मिटवलं होतं? पडद्यावरचं चित्र तिला अनोळखी वाटत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. त्या गुळगुळीत कडेवरून नजर फिरताना असं वाटत होतं की ही नजर इथून आधीही एकदा फिरलेली आहे. पण रोज हजार कडा पाहणाऱ्या बाईला कुठली कड ओळखीची वाटणार नाही? तिने चित्र बंद केलं, पुन्हा उघडलं. मग मसुदा उघडला, छापलेलं वाक्य वाचलं, आणि सही न करता अर्धा दिवस रजा टाकून सरांच्या घरी गेली.

सर तिसऱ्या मजल्यावर मुला-सुनेकडे राहायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. सुनेने दार उघडलं, "बाबा, तुमच्या रबरबाई आल्या," असं आत ओरडून सांगितलं आणि ती चहा ठेवायला गेली. सर खिडकीशी बसून पात्याने पेन्सिलींना टोक काढत होते. मांडीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर सालींचा ढीग. त्यांना पाहून तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"सर, चौथी बाटली आठवते?"

"आठवते ना." त्यांना क्षणही लागला नाही. "अठरावा आठवडा. कडेला रेघा."

"तुम्ही म्हणाला होतात, साच्याची खूण आहे."

पातं थांबलं. "मी?" त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मी तुला विचारलं, तुला काय वाटतं? तू म्हणालीस, साच्याची खूण असेल. मी म्हटलं, मग तसं लिही."

"नाही सर. तुम्ही पाहिलंत, चष्मा पुसलात, परत पाहिलंत आणि म्हणालात."

"पाहिलं खरं." ते खिडकीबाहेर बघू लागले. "अगं, मला तेव्हा दिसत कुठे होतं? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभर कोणाला पत्ता लागू दिला नव्हता मी. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. म्हटलं, रेटू तेवढी. सूक्ष्मदर्शकात मला नुसतं धुकं दिसायचं. चष्मा पुसून धुकं जातं का? रेघा आहेत हेसुद्धा तूच सांगितलंस म्हणून मला ठाऊक."

सुनेने चहा आणून ठेवला. ती आत गेली. मग सर म्हणाले, "माझी चूक नाही असं म्हणत नाही मी. पण तो शब्द माझा नव्हता. त्या दिवसांत मी तुझ्याच डोळ्यांनी बघत होतो." आवाजात राग नव्हता, आरोपही नव्हता. तसं काही असतं तर तिला धरायला जागा मिळाली असती. ते खोटं बोलत असतील, तर आपल्या लपवलेल्या आंधळेपणाची गोष्ट कशाला काढतील? आणि खरं बोलत असतील, तर सहा वर्षं तिच्या कानात घुमणारा तो आवाज, सरांचाच खर्ज, सरांचाच शेवटचा शब्द जरा ओढायचा ढंग, तो कुणाचा होता? चहा तसाच राहिला. निघताना सर म्हणाले, "तू त्यांना काय सांगणार आहेस?" ती म्हणाली, "माहीत नाही." त्यांनी मान हलवली आणि पुढची पेन्सिल उचलली. पात्याची धार लाकडावर नीट लागते की नाही ते ते बोटाने चाचपत होते. त्यांना अजूनही फारसं दिसत नसावं.

जिना उतरताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, एक बाई मुलाला मोठ्याने पाढे म्हणायला लावत होती. तिने तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला, यावेळी शब्द आपल्या तोंडी घालून. साच्याची खूण असेल. बसला. अगदी चपखल बसला, जणू तिथलाच होता. मग पुन्हा सरांच्या तोंडी घातला, तिथेही बसला. आता कितीही वेळा घातला तरी तो दोन्हीकडे बसणार, आणि कधीतरी खरं काय ते उजेडात येईल ही आशा नको, हे तिला त्या जिन्यात कळलं. वहीत अक्षर मात्र एकीचंच होतं. बोललं कोणीही असो, कागदावर उतरवणारा हात तिचा होता आणि तो कोणी धरलेला नव्हता. हे समजल्यावर तिला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. उरलेल्या पायऱ्या ती कठड्याला हात लावून उतरली, एवढंच.

चौकशीच्या बैठकीत मुख्य टेबलापाशी कारखान्याचे साहेब होते. तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, माणूस भला. तिने काचेची झाकणी टेबलावर ठेवली, पहिल्या आणि अठराव्या आठवड्याची दोन्ही छायाचित्रं लावली आणि सगळं क्रमाने सांगितलं. ही पट्टी आतल्या आम्लात झिजते. ते सहा वर्षांपूर्वीच दिसलं होतं. नोंद चुकीची केली गेली. पंधरा मिनिटांचा नियम गठ्ठा शाबूत धरून ठरवलेला आहे. इथे तळाच्या चाळीस पट्ट्या फुटल्या होत्या. टाकी बंद केली तरी गठ्ठ्यात कोंडलेला वायू त्या फटींतून कपाटात झिरपतच राहणार होता.

"मॅडम," साहेब झाकणीकडे बघून म्हणाले, "याच पट्टीच्या एकेचाळीस बस रस्त्यावर आहेत."

"म्हणूनच आज सांगते आहे."

"चौकशी तर संपल्यातच जमा आहे. पट्ट्या आपण हळूहळू बदलूच की. या नोंदीचा विषय आजच काढायला हवा का?"

"मग मिस्त्रीच्या नावावर जे लिहिलंय ते तसंच राहील."

कोणीतरी खाकरलं. साहेबांनी पेन बंद केलं. "ठीक आहे. तेव्हा प्रमुख सर होते. साच्याची खूण हा निष्कर्ष त्यांचा होता का?"

सगळे तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात एक प्रकारची सवलत होती. तिने फक्त हो म्हणायचं होतं. तो म्हातारा माणूस खिडकीशी पेन्सिली तासत बसला होता. त्याचं कोण काय वाकडं करणार होतं? आणि हो हे खोटंही ठरलं नसतं, निदान निम्मं तरी नाही.

"नोंद माझी आहे," ती म्हणाली. "शब्द माझा आहे."

एकेचाळीस बस त्याच आठवड्यात आत घेतल्या गेल्या. चौकशीचा निष्कर्ष बदलला; मिस्त्रीचं नाव त्यातून काढलं. तिला प्रयोगशाळेतून हलवून कागदपत्रांच्या विभागात बसवलं, पुढचं ठरेपर्यंत. तिची सही आता कुठल्याही तपासणीला चालणार नव्हती. लोक वाईट वागले नाहीत. ते अदबीने वागले, आजारी माणसाशी वागावं तसे, आणि रबरबाई म्हणायचे बंद झाले. तिने सरांना फोन केला तेव्हा सून म्हणाली, "बाबा झोपलेत." सकाळचे अकरा वाजले होते.

मिस्त्रीकडे ती रविवारी दुपारी गेली. जाऊ नकोस, असं नवरा म्हणाला होता, मग स्वतःच रस्त्याच्या तोंडापर्यंत सोडायला आला आणि तिथेच थांबला. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता, पन्नाशीचा, खांद्याने रुंद. दोन्ही हात पांढऱ्या कापडात, उशीवर ठेवलेले, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते आणि याला नुसते सांभाळायला दिले होते. त्याच्या बायकोने खुर्ची पुसून दिली. ती कोण आहे हे कळल्यावर बायकोचा हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

तिने माफी मागायची वाक्यं जुळवून आणली होती. त्यातली दोन जेमतेम बोलून झाली तोच मिस्त्री म्हणाला, "मॅडम, ते राहू द्या. मला एकच सांगा. मी किती वेळ थांबायला हवं होतं?"

"म्हणजे?"

"मी थांबलो होतो. भिंतीवरचं घड्याळ बघून थांबलो होतो. पण इतक्या जणांनी सांगितलं, तू थांबला नाहीस, की आता मलाच कळेनासं झालंय. कधी वाटतं पंधरा झाली होती. कधी वाटतं दहाच. घड्याळ आठवतं, काटे आठवत नाहीत." तो हातांकडे बघत होता. "म्हणून विचारतो. अजून पाच मिनिटं थांबलो असतो, तर वाचले असते का हे?"

तिला एकदम कळलं की आपण या माणसाच्या अगदी जवळ बसलो आहोत, त्याच्या बायकोपेक्षाही जवळ, आणि हे त्याला कधीही सांगता येणार नाही.

"नाही," ती म्हणाली. "पंधरा काय आणि वीस काय. अर्धा तास थांबला असतात तरी आत गॅस साचतच राहिला असता. तुमच्या थांबण्या-न थांबण्याचा काही संबंध नव्हता."

"नक्की?"

"नक्की. एवढं मला येतं."

त्याने डोळे मिटले. बायको तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत गेली. मग मिस्त्री डोळे न उघडताच म्हणाला, "हे माझ्या भावाला सांगाल?"

"त्यांना कळलं असेल ना? निष्कर्ष बदलला आहे."

"कागद बदलला. तो येत नाही इकडे. साक्ष दिल्यापासून उंबरा ओलांडलेला नाही. मी सांगितलं तर म्हणेल, दादा माझी समजूत घालतोय." त्याने आत हाक मारली. बायको डोळे पुसत आली, फोन लावून तिने तो खुर्चीवर बसलेल्या पाहुणीच्या हातात दिला.

पलीकडे घंटा वाजत राहिली. मग इंजिनची घरघर, लोकांची गडबड, आणि एक आवाज, मिस्त्रीच्याच धाटणीचा, थोडा पातळ. "हां वहिनी, बोल. दादा बरा आहे ना?"

"मी वहिनी नाही," ती म्हणाली.

"मग कोण?"

मिस्त्रीने डोळे उघडले होते. त्याची बायको भिंतीशी उभी होती. आपण कोण, याचं एक नाव होतं, हुद्दा होता, परवापर्यंत टोपणनावही होतं. यातलं काहीच या माणसाच्या उपयोगाचं नव्हतं.

"त्या बसमधली पट्टी मी पास केली होती," ती म्हणाली. "तुमच्या दादाची काही चूक नव्हती. ते थांबले होते. माझी चूक होती."

फोनमधून फक्त घरघर येत राहिली. तिला वाटलं, ऐकू गेलं नसावं. ती पुन्हा सांगणार, इतक्यात तो घाईघाईने, श्वास अडकल्यासारखा म्हणाला, "थांबा. ठेवू नका. गाडी बाजूला घेतो."

ती फोन कानाशी घट्ट धरून थांबली.